‘क्वाइट प्लीज्ड’ म्हणजे नेमके किती खूश?

ऑफर लेटरमध्ये भेटतो, क्लायंटच्या मेलमध्ये भेटतो, अप्रेझलच्या फॉर्मात भेटतो. इतका साधा शब्द की डिक्शनरी उघडायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. आणि नेमका तिथेच लोच्या होतो!

हिंजवडी फेज थ्रीमधली एक कॉन्फरन्स रूम. संध्याकाळचे साडेपाच वाजलेले. भिंतीवरच्या स्क्रीनवर सात चौकोन, त्यातल्या पाचांचे कॅमेरे बंद. पलीकडे इंग्लंडमधला क्लायंट, अलीकडे माझी मैत्रीण आणि तिची चौदा जणांची टीम. तिमाही रिव्ह्यू चालू आहे. पीपीटी संपते. दोन सेकंद शांतता. मग पलीकडचा प्रोग्रॅम मॅनेजर म्हणतो, ‘वेल, ऑन द होल, वी आर क्वाइट प्लीज्ड.’

म्यूटचं बटण दाबायच्या आधीच कुणीतरी ‘येस्स!’ म्हणून ओरडलं. कॉल संपल्यावर टाळ्या, टीमचा सेल्फी आणि रात्री बाणेरला पार्टी. मैत्रिणीने त्याच रात्री आपल्या बॉसला मेल टाकला, की क्लायंट सॉलिड खूश आहे, रिन्यूअलचं टेन्शन नको.

सहा आठवड्यांनी रिन्यूअलचा कागद आला. काम निम्म्यावर. चौदातले सहा जण बेंचवर.

ज्यांचं ऑफिस आयटीतलं नाही त्यांच्यासाठी सांगते, बेंच म्हणजे पगार चालू पण काम नाही. ऐकायला मस्त वाटतं ना? प्रत्यक्षात रोज सकाळी नऊला येऊन कॅन्टीनमध्ये बसायचं, इंटर्नल पोर्टलवर प्रोजेक्ट शोधायचा आणि एचआरचा फोन आला की पोटात गोळा आणायचा. त्या सहांपैकी एकाचं लग्न दोन महिन्यांवर होतं. एकाने नुकतंच वाकडला फ्लॅटचं बुकिंग केलं होतं.

हँडओव्हरच्या कॉलवर मैत्रिणीने धीर करून विचारलं, की आमचं चुकलं काय? तो मॅनेजर मनापासून गोंधळला. म्हणाला, पण मी तर रिव्ह्यूमध्येच सांगितलं होतं!

तिने रात्री रेकॉर्डिंग काढून पुन्हा ऐकलं. एकदा नाही, चार वेळा. त्याने खरंच सांगितलं होतं. ‘क्वाइट’ हा शब्द त्याने जरा ताणला होता, आणि ‘प्लीज्ड’च्या आधी एक बारीकसा श्वास घेतला होता. तेवढंच!

एकच शब्द, दोन देश

आता यातली गंमत बघा. ‘क्वाइट’ हा शब्द अमेरिकन माणसाने वापरला तर त्याचा अर्थ साधारण ‘खूप’. ‘क्वाइट प्लीज्ड’ म्हणजे चांगलाच खूश. तोच शब्द ब्रिटिश माणसाच्या तोंडून आला तर तो बरेचदा ‘बऱ्यापैकी’ असा असतो. म्हणजे आपण म्हणतो ना, ‘जेवण तसं ठीक होतं’. ते ‘तसं’ ऐकलं की यजमानीण बाईंचा चेहरा पडतो. कारण त्या ‘तसं’मध्ये काय काय दडलंय हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. इंग्लंडमधल्या माणसाला ‘क्वाइट’चं तसंच आहे. तो म्हणतो तेव्हा त्याला वाटतं, झालं, आपण तक्रार नोंदवली.

त्यातही जोर कुठे पडतो याला महत्त्व. ‘क्वाइट’वर जोर दिला आणि ‘प्लीज्ड’ खाली सोडला, तर समजायचं की गाडी पन्नास-साठ टक्क्यांवर आहे. ‘क्वाइट’ पटकन गिळून ‘प्लीज्ड’ वर उचलला, तर बात वेगळी, तो खरंच खूश आहे. आणि पुढचं विशेषणच टोकाचं असेल, म्हणजे ‘परफेक्ट’, ‘इम्पॉसिबल’ वगैरे, तर ब्रिटिशांचाही ‘क्वाइट’ एकदम ‘पूर्णपणे’ होतो. ‘क्वाइट इम्पॉसिबल’ म्हणजे थोडंसं अशक्य नव्हे, साफ अशक्य.

शाळेत आपल्याला हे कुणी शिकवलं? ‘क्वाइट म्हणजे बराच’ असं वहीत लिहून घेतलं आणि ‘क्वाएट’शी स्पेलिंगची गल्लत केली म्हणून छडी खाल्ली, बस. सूर कानावर यावा लागतो, आणि आपल्यापैकी बहुतेकांचं इंग्रजी कानापेक्षा डोळ्यांनी जास्त शिकलेलं असतं. मेलमध्ये तर सूर नसतोच. तिथे ‘क्वाइट प्लीज्ड’ दिसलं की पाठवणारा लंडनचा आहे की न्यू जर्सीचा, हे आधी सिग्नेचरमध्ये बघावं!

देव प्रसन्न, कंपनी प्रसन्न

पण ‘क्वाइट’ला किती दोष द्यायचा? मला वाटतं ‘प्लीज्ड’ हा शब्दच थोडा वेगळ्या जातीचा आहे. ‘हॅपी’, ‘ग्लॅड’, ‘प्लीज्ड’ हे तिघे सख्खे भाऊ आहेत असं आपण धरून चालतो. खरं तर ते शेजारी आहेत, आणि तेही वेगवेगळ्या गावांतून आलेले.

‘प्लीज’ मूळचा लॅटिन, ‘प्लाकेरे’ या क्रियापदातून फ्रेंचच्या मार्गाने चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. अर्थ, एखाद्याला पसंत पडणं, मर्जीला उतरणं. आपण ‘पाणी दे ना, प्लीज’ म्हणतो तेव्हा मुळात ‘आपली मर्जी असेल तर’ असं म्हणत असतो. फ्रेंच लोक अजूनही तेच तीन-चार शब्दांत पूर्ण म्हणतात. औषध नसलेली साखरेची गोळी, ती ‘प्लासिबो’, हाही त्याच घरातला. लॅटिनमध्ये त्याचा शब्दशः अर्थ ‘मी खूश करेन’. कोर्टातली ‘प्ली’ त्याच खानदानातली. आणि ‘कॉम्प्लेसंट’, म्हणजे आपण भारी आहोत या समजात सुस्तावलेला, तोही यांचाच चुलतभाऊ.

म्हणजे ‘प्लीज्ड’मध्ये आनंदापेक्षा मर्जी जास्त आहे. कुणीतरी काहीतरी केलं, ते मला पसंत पडलं, म्हणून मी खूश. परीक्षक आणि परीक्षार्थी असं नातं त्यात आपोआप येतं. म्हणूनच सरकारी गॅझेटमध्ये ‘द प्रेसिडेंट इज प्लीज्ड टु अपॉइंट’ अशी भाषा असते. राष्ट्रपतींना त्या दिवशी आनंदाच्या उकळ्या फुटल्या असा त्याचा अर्थ नाही. त्यांची तशी इच्छा झाली, एवढाच. आपल्या राज्यघटनेत कलम ३१० प्रमाणे केंद्राचे नोकरदार राष्ट्रपतींच्या ‘प्लेझर’पर्यंत पदावर राहतात आणि कलम १५६ प्रमाणे राज्यपालसुद्धा. तिथे ‘प्लेझर’चं भाषांतर आनंद केलंत तर फसलात. तिथे मर्जीच.

आणि मराठीत यासाठी झक्कास शब्द आहे की! प्रसन्न. शंकर प्रसन्न झाला आणि वर दिला. राजा प्रसन्न झाला आणि पाच गावं इनाम दिली. लग्नपत्रिकेच्या डोक्यावर ‘श्री गजानन प्रसन्न’ असतं, ‘श्री गजानन हॅपी’ नसतं. वरचा प्रसन्न होतो, खालच्याला मिळतं. आता तुमचं ऑफर लेटर काढून बघा. ‘वी आर प्लीज्ड टु ऑफर यू द पोझिशन ऑफ...’ कंपनी प्रसन्न झाली आहे, बालका, माग काय मागायचं ते! (मागू नका. सीटीसी आधीच छापलेला असतो.)

माझ्या बाबांचं पहिलं अपॉइंटमेंट लेटर आईने अजून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलंय. टाइपरायटरवरचं. त्यातही हाच शब्द आहे. मी पहिल्या नोकरीचं लेटर प्रिंट काढून घरी नेलं तेव्हा बाबांनी पहिलं वाक्य वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, ‘तेच आहे अजून.’

नकाराचं पत्र कधी ‘प्लीज्ड’ने सुरू होत नाही हेही लक्षात आलं असेल. तिथे ‘रिग्रेट’ असतो. म्हणून तर पत्र उघडताना आपले डोळे पूर्ण वाक्य वाचतच नाहीत, तो एक शब्द शोधतात.

‘बरं झालं आलास’ला इंग्रजीत काय म्हणाल?

‘ग्लॅड’चं कुळ तर अगदीच निराळं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता चकचकीत, झळाळणारं. जर्मनमधला ‘गुळगुळीत’ या अर्थाचा ‘ग्लाट’ त्याचा भाऊबंद. लॅटिनमध्ये गुळगुळीत आणि टक्कल दोन्हींसाठी वापरला जाणारा ‘ग्लाबेर’ही लांबचा नातेवाईक. म्हणजे आनंदाने चेहरा उजळणं आणि काकांचं डोकं चमकणं, भाषेच्या दृष्टीने एकाच घरातली! (ग्लॅडिएटरचा मात्र संबंध नाही. तो तलवारीवरून आला.)

आज ‘ग्लॅड’ वापरायची जागा ठरलेली आहे. ‘आय अ‍ॅम ग्लॅड यू केम’ म्हणजे ‘बरं झालं आलास’. त्यात आनंदाबरोबर थोडा सुटकेचा नि:श्वास असतो. रिपोर्ट नॉर्मल आले, ग्लॅड. लोकल सुटता सुटता मिळाली, ग्लॅड. हा शब्द क्षणाचा, आयुष्यभराचा नाही. म्हणून ‘ही इज अ हॅपी मॅन’ चालतं, पण ‘अ ग्लॅड मॅन’ म्हटलं की इंग्रज भुवई उंचावतो. ‘अ प्लीज्ड मॅन’चंही तेच. चेहऱ्यावरचं हसू ‘प्लीज्ड’ असू शकतं, माणूस सहसा नसतो.

आणि ‘हॅपी’? तो तर चक्क नशिबाचा शब्द. जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘हाप’पासून आलेला, म्हणजे योग, नशीब. ‘हॅपन’, ‘परहॅप्स’, ‘मिसहॅप’ हे सगळे त्याचेच. चौदाव्या शतकात ‘हॅपी’ माणूस म्हणजे नशीबवान माणूस. जर्मनांचा ‘ग्ल्युक’ आजही नशीब आणि सुख या दोन्हींसाठी चालतो. फिन्निश भाषेतला ‘ओन्नी’ही तसाच. योगायोग म्हणजे हाच फिनलंड वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्टमध्ये २०१८ पासून लागोपाठ पहिला येत राहिला. आणखी गंमत सांगू? त्या रिपोर्टचा क्रम ज्या प्रश्नावर लागतो त्यात ‘हॅपी’ हा शब्दच नाही. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी समजा, तुमचं आयुष्य आज कितव्या पायरीवर आहे, एवढंच विचारतात. शहाणे आहेत. भाषेच्या भानगडीत पडलेच नाहीत.

आर यू हॅपी?

भाषेच्या भानगडीत मी मात्र पडले. आणि तोंडावर पडले.

फ्रीलान्सिंग सुरू करण्याआधी मी एका ठिकाणी नोकरी करत होते. नाव जाऊ दे. दुसऱ्या वर्षीचं अप्रेझल. काचेची केबिन, समोर बॉस, शेजारी एचआरची मुलगी लॅपटॉप उघडून. बॉसने वर्षाचा आढावा घेतला, पाण्याचा घोट घेतला आणि विचारलं, ‘सो, आर यू हॅपी हिअर?’

मी काय उत्तर देणार होते? रात्री अकरापर्यंत पानं लावत होते. दोघांचं काम एकटी करत होते. पगारातून दादरच्या पीजीचं भाडं आणि लोकलचा पास गेला की वीस तारखेनंतर डबा आणि वडापाव. हे सगळं मला मराठीत फाडफाड सांगता आलं असतं. पण प्रश्न इंग्रजीत होता आणि इतका गोड विचारला होता की ‘नो’ म्हणणं उद्धट वाटलं. शिवाय ‘हॅपी’ नाही म्हणजे मग काय, दुःखी? तशीही मी नव्हते. काम आवडत होतं. मी म्हटलं, ‘येस, आय अ‍ॅम हॅपी.’ एचआरच्या मुलीने टक टक टक टाइप केलं. आठवड्याने फॉर्मची कॉपी आली. त्यात लिहिलं होतं, एम्प्लॉयी इज हॅपी विथ करंट रोल अँड कॉम्पेन्सेशन.

कॉम्पेन्सेशन हा शब्द मी तोंडातून काढलाच नव्हता, बॉस! पण आता कुठे सांगत बसणार? मी सही केली. त्या वर्षीचं इन्क्रिमेंट इतकं होतं की मी आईला आकडा सांगितला नाही.

नंतर खूप दिवस मी त्या प्रश्नाचं मराठी करून बघायचे. ‘खूश आहेस का?’ हा आजचा प्रश्न, मूडचा. ‘समाधानी आहेस का?’ हा कामाचा, मिळकतीचा. ‘सुखी आहेस ना?’ हा लग्न झालेल्या मुलीला माहेरी विचारतात तो, आणि त्याचं उत्तर द्यायच्या आधी मुलगी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघते. तिन्ही प्रश्नांची माझी उत्तरं वेगळी होती. इंग्रजीत एकच प्रश्न होता, म्हणून एकच उत्तर दिलं गेलं.

अजून एक गोष्ट. मराठीत आनंद आपण ‘असत’ नाही, तो आपल्याला ‘होतो’. मला आनंद झाला. मला राग आला. मला भूक लागली, मला कंटाळा आला. जणू हे सगळे बाहेरून येणारे पाहुणे, बसतील थोडा वेळ आणि जातील. इंग्रजी म्हणतं ‘आय अ‍ॅम हॅपी’, मीच तो. खरं तर जुनी इंग्रजीही अशी नव्हती. आपण ‘मला आवडतं’ म्हणतो, तसाच त्यांच्याकडे ‘लाइक’ चालायचा. वस्तू कर्ता आणि माणूस ‘मला’. कालांतराने ‘मला’चा ‘मी’ झाला. ‘इफ इट प्लीज यू’ मधला ‘इट’ गळाला आणि ‘इफ यू प्लीज’ राहिलं, तशातलाच प्रकार. म्हणून असेल कदाचित, पण ‘आर यू हॅपी’ या प्रश्नाला ‘कधी कधी होते’ हे माझं खरं उत्तर इंग्रजीत बसतच नव्हतं.

आपली आपली फजिती

या लेखासाठी मी ओळखीपाळखीत विचारत सुटले, तर प्रत्येकाकडे एखादा किस्सा निघालाच. ‘बॉस माझ्यावर खूश आहे’चं ‘बॉस इज हॅपी ऑन मी’ केलेले तर गल्लोगल्ली. माणसावर, कामावर खूश असाल तर ‘प्लीज्ड विथ’. दुसऱ्याच्या चांगल्या बातमीने खूश असाल तर ‘प्लीज्ड फॉर यू’. घटनेबद्दल असेल तर ‘अबाउट’. ‘वर’साठी ‘ऑन’ नाही चालत.

एका मित्राने तर कमाल केली. सेल्फ अप्रेझलच्या रकान्यात त्याने मोठ्या नम्रपणे लिहिलं, ‘आय अ‍ॅम प्लीज्ड विथ मायसेल्फ’. त्याला म्हणायचं होतं की वर्षभराच्या कामाने मी समाधानी आहे. पण ‘प्लीज्ड विथ हिमसेल्फ’ असं इंग्रज म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ असतो, काय पण स्वतःवरच खूश आहे हा! त्याच्या मॅनेजरने त्यावर स्मायली काढून परत पाठवलं, तोवर याला कळलंच नव्हतं.

आणि ‘प्लीज्ड टु मीट यू’? आपण शेकहँड करताना सर्रास म्हणतो, कुणी काही म्हणत नाही, खुशाल म्हणा. पण एके काळी इंग्लंडमध्ये यावरूनसुद्धा तुमची जात, म्हणजे वर्ग, ठरायचा. १९५४ साली अ‍ॅलन रॉस नावाच्या भाषेच्या प्राध्यापकाने उच्चवर्गीय आणि बाकीचे यांच्या बोलण्यातले फरक मांडले होते. पुढच्या वर्षी लेखिका नॅन्सी मिटफर्डने ते लोकप्रिय केले. त्यात ‘हाउ डू यू डू’ला ‘प्लीज्ड टु मीट यू’ असं उत्तर देणारा थेट खालच्या रांगेत! त्याला उत्तर म्हणून परत ‘हाउ डू यू डू’च म्हणायचं. प्रश्नाला प्रश्न. पुणेकरांना हे नवीन नसावं.

आता सगळीकडे भाव वाढलेत, तसे या शब्दांचेही. लिंक्डइन उघडा. तिथे कुणी ‘प्लीज्ड’ नसतं, कुणी ‘ग्लॅड’ तर नसतंच. सगळे ‘थ्रिल्ड टु अनाउन्स’. दोन दिवसांच्या वर्कशॉपचं सर्टिफिकेट मिळालं तरी थ्रिल्ड. ‘थ्रिल’चा मूळ अर्थ भोक पाडणं, आरपार जाणं, नाकाच्या ‘नॉस्ट्रिल’मध्येही तेच भोक आहे. त्यामानाने आपला ‘हर्ष’ बरा. त्याचा धातू अंगावरचे केस उभे राहण्याचा, म्हणून तर ‘रोमहर्षक’. पण हर्ष झाल्याचं शेवटचं कुणाच्या तोंडून ऐकलंत? आता तो फक्त मुलांच्या नावात उरलाय.

उलट ब्रिटिशांकडे शब्द मुद्दाम खालच्या पट्टीत लावतात. ‘नॉट बॅड’ ही चक्क स्तुती असू शकते. ‘आय अ‍ॅम नॉट एंटायर्ली हॅपी’ हे वाक्य आलं तर मात्र हातातलं सगळं सोडून आधी तो मेल बघा, तिकडे भडका उडालेला असतो. त्यांच्या बोलण्यातला ‘चफ्ड’ तर वरकडी. त्याचा नेहमीचा अर्थ ‘जाम खूश’, पण डिक्शनरीत त्याचा अगदी उलटा, ‘नाराज’ असाही एक विरळ अर्थ सापडतो. आता बोला!

दहापैकी किती?

मैत्रिणीने त्या प्रकरणानंतर एक सोपा फंडा काढलाय. क्लायंट हॅपी म्हणो, प्लीज्ड म्हणो की डिलायटेड, ती लगेच विचारते, ‘दहापैकी किती? आणि आणखी एक मार्क मिळवायला काय करू?’ पहिल्या वेळी पलीकडे सन्नाटा पसरला. मग उत्तर आलं, सहा. आणि पुढे वीस मिनिटं तो माणूस न थांबता बोलला. टेस्टिंगला उशीर होतो, रात्रीच्या शिफ्टला फोन कुणी उचलत नाही, डॉक्युमेंट्स जुनी आहेत. ‘क्वाइट’च्या पोटात हे एवढं सगळं होतं.

यावर्षी तिला अमेरिकन क्लायंट मिळाला. दुसऱ्याच महिन्यात त्याचा मेल. ‘टीम, वी आर क्वाइट प्लीज्ड.’ बाईंना घाम फुटला. शनिवार-रविवार बसून टीमने सुधारणांचा अकरा पानी प्लॅन बनवला आणि सोमवारी पाठवला. क्लायंटचा उलट मेल आला, हे काय आहे? मी काही चुकीचं बोललो का? आम्ही खरंच खूश आहोत हो!

त्या सहा जणांचं विचाराल तर चौघांना आतल्या आत दुसरे प्रोजेक्ट मिळाले. एकाने आयटी सोडून नाशिकला भावाच्या धंद्यात लक्ष घातलं. लग्न तोंडावर होतं त्याचं लग्न ठरल्या तारखेलाच झालं. हॉल मात्र छोटा घेतला. वाकडचा फ्लॅटवाला तीन महिने बेंचवर बसला आणि मग बाहेर शोधू लागला.

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला त्याने मैत्रिणीला एक पीडीएफ फॉरवर्ड केली. वर दुसऱ्या कंपनीचा लोगो, खाली पहिलं वाक्य, ‘वी आर प्लीज्ड टु ऑफर यू...’ मी तेव्हा तिच्याकडेच होते. तिने ‘सो हॅपी फॉर यू’ टाइप केलं, पुसलं. ‘व्हेरी ग्लॅड’ टाइप केलं, तेही पुसलं. शेवटी ‘खूप बरं वाटलं रे’ लिहिलं आणि पाठवून दिलं.

त्याचं उत्तर लगेच आलं. ‘थँक्स मॅम! पॅकेज पण क्वाइट चांगलं आहे.’

तिने विचारलं, ‘जोर कशावर? क्वाइटवर की चांगल्यावर?’